फाटकावरची हजेरी

"खाकी दिसली की मान खाली घालायची. विचारलं तेवढंच सांगायचं. हातात असेल ते न मागता जमिनीवर ठेवायचं. आणि घरी येऊन चकार शब्द काढायचा नाही."

थोरली लग्न होऊन या घरात आली त्या आठवड्यातच सासूबाईंनी हे तिला बजावलं होतं. पीठ चाळता चाळता, खालच्या आवाजात, जणू चूल कशी पेटवायची ते सांगताहेत. सासूबाई जाऊन तीन वर्षं झाली. त्यांची खाट हलवली, कपडे वाटून टाकले, पण आवाज घरातच राहिला होता. दूध वर आलं की तो कानाशी यायचा, तवा जास्त तापला की यायचा. आणि त्या संध्याकाळी गोदामाच्या फाटकात पाठीमागून शिट्टी वाजली, तेव्हाही तोच आला.

थोरली आणि धाकटी, दोघी जावा, गोदामात झाडायच्या कामाला होत्या. दोघींचे नवरे, सख्खे भाऊ, तिथेच हमाल. पोत्याला हमालाचा लोखंडी आकडा लागला की धान्य सांडतंच. वरवरचं स्वच्छ धान्य सुपानं उचलून पुन्हा पोत्यात घालायचं, आणि मातीखड्यात मिसळलेलं झाडण झाडणारीनं घरी न्यायचं, अशी तिथली रीत होती. ती कुठे लिहिलेली नव्हती. कुणाला लिहावीशी वाटलीही नव्हती. ते झाडण घरी आणून पाखडायचं, निवडायचं, धुऊन वाळवायचं, तेव्हा कुठे एका वेळेपुरतं पीठ व्हायचं. एरवी त्याचं कुणाला काही वाटलं नसतं. पण यंदा पीक बेताचं, गाड्या निम्म्याच आलेल्या, कामाचे दिवसही निम्मे. त्या मूठभर पिठावर घराचं लक्ष लागलेलं असायचं.

त्यातच गोदाम विकलं गेलं. नवा मालक कुणी पाहिला नाही. त्यानं फाटकावर उभा केलेला माणूस मात्र सगळ्यांनी पाहिला. खाकी सदरा, खाकी विजार, कमरेला रुंद पट्टा, हातात दांडकं आणि गळ्यात दोरीला बांधलेली शिट्टी. बायका त्याला आपापसात शिट्टीवाला म्हणायच्या आणि तोंडावर साहेब.

"ए बाई, थांब! काय आहे त्यात?"

थोरलीनं मान खाली घातली. फडक्यात बांधलेलं झाडण जमिनीवर ठेवलं. त्यावर सूप ठेवलं. कुणी मागितलं नव्हतं.

शिट्टीवाल्यालाच क्षणभर नवल वाटलं असावं. तो गाठोड्याभोवती एक फेरी मारून आला आणि दांडक्यानं सूप जरा सरकवून म्हणाला, "म्हणजे कबूल आहे तर."

"झाडण आहे साहेब. आम्ही नेतोच."

"नेतोच? म्हणजे रोजचंच आहे!"

त्यानं तिला फाटकाजवळच्या खोलीत नेलं. एक टेबल, त्यावर फोन, एक खुर्ची, एक कपाट, कोपऱ्यात माठ, खिळ्याला टांगलेला कंदील. थोरली जमिनीवर बसली. त्यानं एक जाड वही काढली आणि बराच वेळ काहीबाही लिहीत राहिला. लिहिताना त्याची जीभ ओठाबाहेर यायची.

"सही येते?"

"हळूहळू येते."

"कर हळूहळू. मला घाई नाही."

तिनं सही केली. घाम बोटावरून कागदावर उतरला आणि शेवटचं अक्षर फिसकटलं. तो वही मिटून म्हणाला, "हे बघ, हा कागद मी चौकीला पाठवला तर उद्या दारात गाडी येईल. तुझ्या नवऱ्याचा हमालीचा बिल्ला जाईल, दिराचाही जाईल. मला कुणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही. म्हणून पाठवत नाही. पण रोज दिवेलागणीला इथे हजेरी द्यायची. एक दिवस चुकली की कागद गेला समज. आणि बाहेर बोललीस, तर मग माझ्या हातात काही राहणार नाही."

"सूप?"

"ते पुराव्यात जमा."

ते सूप तिच्या सासूबाईंच्या हातचं होतं. कडा झिजून गुळगुळीत झालेल्या. तिनं ते कपाटामागे जाताना पाहिलं आणि उठली. घरी येऊन चकार शब्द काढला नाही.

दुसऱ्या दिवशी ती हजेरीला गेली, तेव्हा त्यानं वहीत रेघ ओढली आणि म्हणाला, "आलीच आहेस तर माठ भरून ठेव." तिसऱ्या दिवशी माठ घासायलाही सांगितला. चौथ्या दिवशी डब्याची भांडी. पाचव्या दिवशी सांगावंच लागलं नाही.

दिवेलागणीला थोरलीचा एक नेम होता. सूर्य बुडाला की हातपाय धुऊन आपल्या हातानं दिवा लावायचा, आणि वात स्थिर होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. तापातही तिनं तो चुकवला नव्हता. आता तीच वेळ फाटकाची झाली. परत येईपर्यंत पुरता अंधार पडलेला असायचा आणि धाकटीनं दिवा लावून टाकलेला असायचा. थोरली त्याच्यापुढे हात जोडून उभी राहायची, पण मन लागायचं नाही. देव समजून घेईल, असं ती मनाशी म्हणायची. साहेब समजून घेणार नाही.

"रोज कुठे जातेस गं या वेळेला?" नवऱ्यानं आठव्या-नवव्या दिवशी विचारलं.

"देवळात."

"देऊळ तिकडे आहे. तू येतेस इकडून."

"लांबून येते. पाय मोकळे होतात."

"दिवसभर झाडून पाय आखडतात होय?" तो म्हणाला. त्या दिवसापासून ती आली की आधी तिच्या पायांकडे बघायचा. वाटेवरची माती कोणत्या रंगाची आहे, हे पाहत असावा. खोटं बोलायचं आणि तेही देवाला पुढे करून, याचं थोरलीला घास गिळताना ओझं व्हायचं.

पण तिच्याही मनात एक काटा होता, आणि तो दुसराच.

बारा-पंधरा वर्षं झाडू धरणारीला झाडूचा हात ओळखता येतो, जसं एखाद्याला अक्षर ओळखता येतं. धाकटी डावरी. तिच्या झाडूच्या रेघा उजवीकडून डावीकडे वळायच्या. आणि सगळं लोटून झालं की शेवटचा चिमूटभर ढीग ती दाराआड सोडायची, नंतर उचलते म्हणून. सासूबाई त्यावरून तिला रोज बोलायच्या, "बाई गं, घर झाडलंस की केर लपवलास?" दुसऱ्याच संध्याकाळी शिट्टीवाल्याच्या खोलीत थोरलीनं जमिनीकडे पाहिलं, आणि डावीकडे वळलेल्या रेघा पाहिल्या. दार पुढे ओढलं. मागे चिमूटभर ढीग होता.

पुढच्या आठवड्यात खिडकीत त्याचा धुतलेला सदरा वाळत होता. एक बटण नवं लावलेलं, हिरव्या दोऱ्यानं. तो हिरवा दोरा थोरलीनंच बाजारातून आणला होता आणि घरात त्याचं एकच रीळ होतं.

धाकटी रोज सकाळी कामाच्या आधी अर्धा तास घराबाहेर पडायची, विहिरीवर गर्दी नसते म्हणून. कळशी घेऊन जायची आणि कधी भरलेली आणायची, कधी अर्धी. थोरलीनं काही विचारलं नाही. चुलीपाशी नुसती म्हणायची, "लवकर उठतेस हल्ली." धाकटी म्हणायची, "तुम्हीही उशिरा येता हल्ली, ताई." मग दोघी आपापल्या ताटाकडे बघत राहायच्या. एका घरात, एका चुलीवर, दोघींमध्ये कुणी भिंत घातल्यासारखं झालं.

बाविसाव्या संध्याकाळी थोरली फाटकावर गेली तर खुर्चीवर दुसराच माणूस. तोच खाकी सदरा, तीच शिट्टी, पण तोंड कोवळं.

"साहेब कुठे आहेत?"

"ते दोन दिवस रजेवर. तुमचं काय काम?"

"हजेरी."

"कसली हजेरी? कामाला उद्या सकाळी या." आणि त्यानं दार लोटलं.

वही टेबलावर दिसत होती. हाताच्या अंतरावर. ती रात्रभर थोरलीच्या डोळ्यांपुढे उघडी पडून राहिली. बाविसाव्या खणात रेघ नाही. एक दिवस चुकली की कागद गेला समज. हा नवा माणूस मुद्दाम बसवला असेल. आपण चुकतो का, ते बघायला. कागद आत्ता वाटेत असेल. उद्या गाडी येईल, आणि येईल तेव्हा दोन्ही भाऊ खांद्यावर पोतं घेऊन सगळ्यांदेखत उभे असतील.

त्यापेक्षा आपणच जावं.

सकाळी ती नवऱ्याला म्हणाली, "दाढ दुखतेय. दवाखान्यात जाऊन येते." तो तिच्या गालाकडे बघत राहिला. गाल सुजलेला नव्हता.

चौकी बाजाराच्या गावात, दीड तासाच्या वाटेवर. ऊन तापायच्या आत ती पोचली. दाराबाहेर चपला काढल्या. आत बाकावर कुणी कुणी बसलेले, टेबलामागे निवृत्तीला टेकलेला एक हवालदार पेन्सिल कानावर ठेवून कागद चाळत होता. त्यानं मान वर केली ती अकराच्या सुमारास.

"काय बाई?"

"हजेरी द्यायला आले."

"कोणाची?"

"माझीच. काल चुकली. फाटकावर साहेब नव्हते. म्हणून आज इथे द्यायला आले."

हवालदारानं मोठी वही ओढली. "नाव?"

"हमालाची थोरली."

"अगं, तुझं नाव. कागदावरचं."

थोरलीनं सांगितलं. कित्येक वर्षांत ते कुणी विचारलं नव्हतं, त्यामुळे तिला ते जरा परकंच वाटलं. हवालदारानं एक पान उलटलं, दुसरं उलटलं, मग दुसरी वही मागवली.

"तुझं नाव इथे कुठेच नाही."

"नीट बघा साहेब. बावीस दिवसांची केस आहे."

मागच्या बाकावरचा शिपाई खुदकन हसला. "केस शोधत आलेली पहिलीच बाई बघतोय!"

हवालदार हसला नाही. त्यानं पेन्सिल खाली ठेवली आणि तिला पहिल्यापासून सांगायला लावलं. ती सांगत गेली, विचारलं तेवढंच. शिट्टी, सूप, वही, माठ. हिरव्या दोऱ्याचं सांगितलं नाही.

"तो पोलीस नाही," हवालदार म्हणाला. "पगारी चौकीदार आहे. मालकाचं फाटक राखायचं त्याला सांगितलंय. कुणी चोरी करताना दिसलं तर अडवावं, आम्हाला कळवावं आणि माणूस लगेच आमच्या स्वाधीन करावा. तिथे त्याचं काम संपलं. हजेरी लावायची नाही. वस्तू अडकवून ठेवायची नाही. माठ तर नाहीच नाही."

"पण खाकी आहे त्याची."

"कापड आहे ते. दुकानात मिळतं. त्याच्या खांद्यावर काय आहे, पाहिलंस?"

थोरली आठवू लागली. मान खाली असल्यानं खांद्यापर्यंत नजर फारशी गेली नव्हती. "पक्षी आहे. पंख पसरलेला."

"आणि इथे?" त्यानं आपल्या छातीवरच्या पट्टीवर बोट ठेवलं. "हे माझं नाव. मी काही वाकडं केलं, तर अमक्यानं केलं म्हणून तुला वर जाऊन सांगता यावं, यासाठी आहे ते. पक्ष्याचं काय नाव सांगशील?"

थोरली त्या पट्टीकडे बघत राहिली. मग हलकेच म्हणाली, "तुमचं नाव घेऊन कुणी वर गेलंय का साहेब?"

शिपायानं श्वास रोखला. हवालदारानं पेन्सिल उचलून पुन्हा कानावर ठेवली.

"गेलेत," तो म्हणाला. "थोडेच. पण गेलेत." मग त्यानं एक कोरा कागद पुढे केला. "दे तक्रार. लिहून घेतो."

तिनं हात मागे घेतला. बावीस दिवसांपूर्वीही एकानं असाच कागद पुढे केला होता. "कागद नको. माझ्यावर केस नाही, एवढं लिहून द्या."

"जे नाही त्याचा कागद कसा देऊ, बाई?" त्याला आता मात्र हसू आलं. "आणि एक सांगून ठेवतो. झाडण न्यायची तुमची रीत मला ठाऊक नाही. उद्या मालक स्वतः तक्रार घेऊन आला, तर तीही मला लिहावी लागेल. मग विचारीनही. पण ते इथे, या टेबलावर, लिहून. फाटकाआडच्या खोलीत नाही."

गोड बोलला असता तर थोरलीचा विश्वास बसला नसता. हे कडू बोलणं तिला जरा खरं वाटलं. जरासंच.

"तू एकटी बोललीस तर तो म्हणेल, बाई खोटं बोलते," तो म्हणाला. "आणखी कुणी आहे का तुझ्यासारखी?"

थोरलीच्या डोळ्यांपुढे दाराआडचा चिमूटभर ढीग आला.

"बघते," ती म्हणाली.

घरी पोचली तेव्हा दुपार कलली होती. गाड्या नसल्यानं धाकटी घरीच होती, अंगणात भांडी घासत. थोरलीनं पाणीही घेतलं नाही. तिच्यासमोर उकिडवी बसली.

"धाकटे, शिट्टीवाल्याच्या सदऱ्याला बटण कुणी लावलं?"

धाकटीच्या हातातलं पातेलं दगडावर आपटलं. "ताई, तुम्हाला वाटतं तसं नाही."

"मग कसं आहे?"

"सांगता येत नाही."

"का?"

"सांगितलं तर..." तिचा हात राखेतच राहिला. "सांगितलं तर यांचा बिल्ला जाईल. भावोजींचाही. माझ्यावर केस आहे, ताई. सव्वा महिना झाला. रोज सकाळी सातला हजेरी. आधी नुसतं झाडायला सांगायचा. मग कपडे."

थोरलीनं कपाळावर हात मारून घेतला. तिला हसू फुटलं आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. "आणि माझी दिवेलागणीची," ती म्हणाली. "बावीस दिवस झाले."

"तुमचीही?"

"सूपही घेतलंय."

"माझंही सूप घेतलंय!"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. धाकटी म्हणाली, "माठ बघून मला कळलं होतं. असा आतून हात घालून तुम्हीच घासता. पण मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"तुम्हाला वाटलं तेच."

"शी गं! त्या वाळक्या दांडक्याबरोबर?"

"तुम्हालाही माझ्याबद्दल वाटलंच ना!"

मग दोघींनाही हसू आवरेना. शेजारीण कुंपणावरून डोकावून गेली.

"मला का नाही सांगितलंस?" थोरलीनं शेवटी विचारलं.

"सासूबाईंनी सांगितलं होतं. घरी येऊन चकार शब्द काढायचा नाही."

थोरलीनं पदरानं डोळे पुसले. म्हणजे म्हातारीनं दोघींना एकच शिकवण दिली होती, वेगवेगळी, प्रत्येकीला बाजूला घेऊन. तिलाही असंच कुणीतरी बाजूला घेतलं असेल.

दुसऱ्या दिवशी सातला दोघी मिळून फाटकावर गेल्या. शिट्टीवाला रजेवरून आला होता. दोघींना एकत्र पाहून त्याच्या भुवया वर गेल्या.

"आज दोघी? बरं झालं. परवा कोण चुकलं, ते बघायचंय मला."

थोरली एक पाऊल पुढे झाली. तिनं मान वर केली. खांद्यावर पक्षी होता. छातीवर पाहिलं, तर खिसा होता आणि खिशात पेन.

"साहेब," ती म्हणाली, "तुमचं नाव काय?"

"का?"

"वर सांगायला लागलं तर."

"तुझी हिंमत..." त्यानं शिट्टी तोंडात धरून जोरात वाजवली. आवारातला मुकादम वळला, त्यानं तिघांकडे पाहिलं आणि पुन्हा पोती मोजायला लागला.

"वाजवा," थोरली म्हणाली. "चौकीलाही फोन लावा. आम्ही इथेच थांबतो. मी काल जाऊन आले. तिथल्या वहीत माझं नाव नाही."

फोन टेबलावर होता. शिट्टीवाल्यानं त्याच्याकडे पाहिलं आणि हात पट्ट्यावर ठेवला. एवढ्या वेळात धाकटी खोलीत शिरली होती. ती सातवीपर्यंत शिकलेली, तिनं वही उघडली आणि खणखणीत वाचायला लागली, शाळेत उभं केल्यासारखी. "हमालाची धाकटी, सकाळ, झाडणे, कपडे. हमालाची थोरली, सांज, पाणी, भांडी. शिंप्याची बायको, दुपार, डबा. चांभाराची सून, दुपार, लाकडं. पाणक्याची आई, पहाट, पाय रगडणे..."

"ठेव ती! ठेव म्हणतो!" त्यानं वही हिसकावून घेतली. पण तोवर धाकटीनं बोटानं पान खालपर्यंत मोजलं होतं.

"अकरा आहेत, ताई."

अकराजणी. दहा घरं, आणि प्रत्येक घरात कुणी ना कुणी बाई ताटाकडे बघत गप्प बसलेली.

शिट्टीवाला खुर्चीवर बसला. बसल्यावर तो बराच लहान दिसला. त्यानं बूट सैल केले. घोटे सुजून बुटाच्या काठावर आले होते.

"वहिनी," तो म्हणाला, आणि हा शब्द त्याच्या तोंडून प्रथमच आला, "चौदा चौदा तास उभं करतात मला. हा सदरासुद्धा माझ्या पगारातून कापून दिलाय. उद्या एक पोतं कमी भरलं तर मलाच हाकलतील. पोलिसाला निदान कुणी घाबरतं. मला कोण विचारतं?"

सुजलेल्या घोट्यांवर थोरलीचा विश्वास बसला. बाकीच्या बोलण्यावर नाही.

"म्हणून म्हातारीकडून पाय रगडून घेता?"

तो उठला. कपाटामागून दोन सुपं काढली, टेबलावर ठेवली. बाहेर जाऊन अर्धं भरलेलं पोतं ओढत आणलं. स्वच्छ, वरवरचं धान्य. "हे न्या. तुम्ही दोघी सुटलात. नावं खोडतो, तुमच्या समोर खोडतो. बाकीच्यांचं तेवढं बोलू नका. काय?"

त्यानं खरोखरच दोन ओळींवर काट मारली. थोरलीनं दोन्ही सुपं उचलली. पोत्याला वळसा घालून बाहेर पडली.

"मी काय समजू?" तो मागून म्हणाला.

ती चालत राहिली. त्यानं हवं ते समजावं.

संध्याकाळी दोघा भावांना सगळं कळलं. धाकटीचा नवरा नुसता मुठी वळत राहिला. थोरलीचा नवरा बराच वेळ भिंतीकडे तोंड करून बसला, मग म्हणाला, "मला सांगायचं नाही का?"

"तुम्ही त्याला रोज सकाळी सलाम करता," थोरली म्हणाली.

त्यानं तोंड इकडे वळवलं. "बरं झालं सुटलात," तो म्हणाला. "बिल्ले राहिले. आता गप्प बसा. बाकीच्यांचं बाकीचे बघतील. आपल्याला रोज त्याच फाटकातून आत जायचंय."

सूर्य बुडाला. थोरलीनं हातपाय धुतले आणि इतक्या दिवसांनी मन लावून दिवा लावला. वात आधी तडतडली, धाकटी मागे येऊन उभी राहिली. वात स्थिर होईपर्यंत दोघी बोलल्या नाहीत.

"ताई," मग धाकटी म्हणाली, "पाणक्याची आई सत्तरीची आहे. तिचे हात थरथरतात. ती उद्या पहाटे जाणार."

"माहीत आहे."

"तिला कुणी सांगणार नाही. तिचा मुलगाही दबून असतो." धाकटीचा आवाज खाली आला. "उद्याची तिची हजेरी व्हायला नको. शब्द द्या."

थोरलीनं आतल्या खोलीकडे पाहिलं. नवरा पडला होता, पण झोपला नव्हता, हे तिला त्याच्या श्वासावरून कळत होतं. त्याचं म्हणणं चूक नव्हतं. बिल्ला गेला तर खायचं काय, हे हवालदार सांगणार नव्हता. कागद त्याच्यापुढे धरला तर तो कोणत्या बाजूनं लिहील, तेही अजून ठाऊक नव्हतं.

"दिला," ती म्हणाली.

पहाटे ती उठली तेव्हा चांदण्या विरत होत्या. सासूबाईंचं सूप भिंतीला टेकून उभं होतं. ते तिनं काखेत घेतलं, कुणी विचारलं तर पाखडायला निघाले म्हणायला. मग काहीतरी आठवून परत ठेवलं. खोटं पुरे झालं होतं.

"घरी येऊन चकार शब्द काढायचा नाही," कानाशी आवाज आला.

"घरी नाही काढत, सासूबाई," ती पुटपुटली आणि कडी वाजू नये म्हणून बोटानं धरून हळूच सरकवली.

आतून नवरा खोकला. हाक मारली नाही.

पुढे वाट दोन बाजूंना फुटत होती. उजवीकडे फाटकाचा दिवा दिसत होता, त्याच्याखाली खुर्ची आणि खुर्चीत कुणीतरी पाय लांब करून बसलेलं. डावीकडे पाणक्याची गल्ली. तिच्या टोकाच्या खोलीत उजेड हलत होता, म्हातारी निघायच्या तयारीत असावी. थोरलीनं चपला काढून हातात घेतल्या आणि डावीकडे वळून भराभर चालू लागली.